वरचा मजला

मरोळ गावठाण, अंधेरी पूर्व
१४ ऑक्टोबर १९८४

ह्युबर्ट,

तुझी पत्रं विनीच्या नावाने येतात. पाकिटावर तिचं नाव, आतही तिचंच. ती मला वाचून दाखवते. शेवटी 'आत्याला सांग' असं काहीतरी असतं, ते ती जरा मोठ्याने वाचते. आपण दोघांनी एकमेकांशी बोलायचं ते तू कुवेतला निघालास त्या दिवशीच बोलून झालं. तरी मी लिहिणार आहे. नऊ वर्षांची मुलगी स्वतःबद्दल 'मी मजेत आहे' एवढंच लिहिते. बाकीचं कोणीतरी लिहायला हवं.

विनी बरी आहे. सकाळी माझ्याबरोबर शाळेत येते, दुपारी माझ्याबरोबर परत. पायाला बांधायच्या कॅलिपरचा पट्टा सैल झाला होता, तो हाजीअलीच्या इस्पितळात जाऊन बदलून आणला. डॉक्टर म्हणाले, पाय आहे तसाच आहे, आणखी बिघडलेला नाही. पायाबद्दल एवढंच.

गेल्या रविवारी आगेरा झाला. नव्या भाताच्या लोंब्या देवळात पाद्रींच्या आशीर्वादाला न्यायच्या, तर मरोळात भात राहिलंय कुठे. या वर्षी लोंब्या वसईहून टेम्पोने आल्या. आपल्या शेतांवर आता कारखान्यांच्या शेड आहेत, त्यांच्या भिंतीच्या कडेने मिरवणूक गेली. विनीच्या हातात एक जुडी दिली होती. तिने विचारलं, हे भात कोणाचं? मी म्हटलं, आपलं नाही.

आपलं म्हणून घरामागचं खळं तेवढं उरलं आहे. त्यावर मळणी होऊन किती वर्षं झाली ते तुला माहीत आहे.

त्याबद्दल तुला कळवायचं आहे. खळ्याचं फाटक मी उघडं ठेवते. गावठाणातली आणि पलीकडच्या चाळींतली मुलं येतात. आधी ती रस्त्यावर खेळायची, कारखान्यांचे ट्रक वळतात तिथे. आता इथे खेळतात. खेळतात म्हणजे बांधतात. कारखाने मालाची लाकडी खोकी बाहेर टाकतात, केबलची मोठी रिळं टाकतात, फुटकी पिंपं, पत्रे. नंदू म्हणून बारा वर्षांचा एक मुलगा आहे. त्याचे वडील गिरणीत होते, आता एका कारखान्यात रखवालदार आहेत. ते या वस्तू मुलांना नेऊ देतात. मुलांनी चिंचेला टेकून खांबांवर एक माळा बांधला आहे, मोठ्या माणसाच्या डोक्याच्या वर. त्याला ती 'वरचा मजला' म्हणतात. त्यांच्यापैकी एकाच्याही घराला वरचा मजला नाही.

बाबांची हत्यारं मी त्यांना दिली आहेत. हातोडी, पक्कड, करवत. लाकूड तासायचा वाकस दिलेला नाही.

विनी ओट्यावर बसून पुस्तक वाचते. तू काळजी करू नकोस.

एमिलिया

२ डिसेंबर १९८४

ह्युबर्ट,

विनीच्या डाव्या अंगठ्याचं नख काळं झालं आहे. दारात सापडला. ती तुला लिहील, म्हणून आधी मी लिहिते. आता दुखत नाही.

सहामाहीत ती गणितात पहिली आली. मराठीत आली नाही. मराठी मी शिकवते, तेव्हा त्याबद्दल जास्त बोलत नाही.

तू तिला विचारलं होतंस, आत्याकडे कंटाळा येतो का. उत्तर लिहायला तिने बराच वेळ घेतला आणि मला दाखवलं नाही.

खळ्यावरची एक हकिकत सांगते. विनी ती येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला सांगते, तुला पत्रात नीट सांगता येणार नाही म्हणाली. धाकू म्हणून पाच वर्षांचा पोरगा आहे, मालवणकडच्या घरातला. त्याला वर जायचं होतं. मोठ्या मुलांनी त्याला हातांवर झेलत वर पोचवलं. वर गेल्यावर त्याने खाली पाहिलं आणि खांबाला मिठी मारली. उतरेना. तो चढलाच नव्हता, त्यामुळे उतरायचं कसं ते त्याला ठाऊक नव्हतं. नंदू सोडवायला गेला तर त्याला चावला. बराच वेळ रडला, आणि मग जी मुलं खाली उभी राहून त्याची समजूत घालत होती त्यांच्यावर मुतला. शेवटी त्याची आई वनमाला आली, पिठाच्या हातांनी. तिने वर पाहिलं, एवढंच. तो उतरला. कसा उतरला ते कोणाला सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मुलांनी आपसांत नियम केला. मला विचारलं नाही. वर जायचं तर आपलं आपण जायचं. कोणी कोणाला उचलायचं नाही. शिडी जमत नसेल त्याने जमेल तशी वाट बांधावी. बांधायला सगळ्यांनी मदत करायची. फळी धरायची, माणूस धरायचा नाही. नंदूने हे खडूने खांबावर लिहिलं आहे. शुद्धलेखन मी तपासलं नाही.

विनी हे सगळं हसत सांगते. नियमापाशी आली की थांबते.

एमिलिया

२७ जानेवारी १९८५

ह्युबर्ट,

नख दारात सापडून काळं झालं नव्हतं. हातोडी लागली होती. तू तिथे बसून काळजी करत राहशील म्हणून तसं लिहिलं. आता कॉस्मस नाताळची रजा संपवून कुवेतला परत गेला आहे, आणि आपला हा चुलतभाऊ पोटात काही ठेवत नाही. त्याच्याकडून ऐकण्याआधी माझ्याकडून ऐकावंस असं वाटतं, पण पत्र त्याच्या आधी पोचणार नाही हेही कळतं.

तर असं आहे. खोकी मोडली की त्यांतून खिळे निघतात, ते वाकडे असतात. दगडावर ठेवून ठोकून सरळ करावे लागतात. हे काम कोणालाच नको असतं. विनी ओट्यावर बसून बघायची. एक दिवस म्हणाली, बसूनच करायचं ना, मग मला द्या. तेव्हापासून खिळे तिच्या ताब्यात. दुधाच्या पावडरीच्या डब्यांत आकाराप्रमाणे लावून ठेवते. ज्याला खिळा हवा त्याने तो कशासाठी हवा ते सांगायचं. काम पसंत नसेल तर देत नाही. नंदूसुद्धा तिच्यासमोर उभा राहतो. वनमाला परवा मला म्हणाली, "टीचर, तुमची पोरगी रेशनवाल्यापेक्षा कडक आहे हां."

जयंती म्हणून चाळीतली एक मुलगी आहे, विनीच्याच वयाची. खिळ्यांवरून दोघींचं वाजलं आणि जयंती तिला लंगडी म्हणाली. मी घरातून बाहेर आले. विनी माझ्याकडे न बघता म्हणाली, "आत्या, तू आत जा. मी हिला चकणी म्हणते तेव्हा येतेस का?" जयंतीही म्हणाली, "हो ना टीचर." मी आत गेले.

पण खरं लिहायचं ते हे की विनीला वर जायचं आहे.

शिडी तिला जमत नाही. कॅलिपरच्या गुडघ्याचा खटका काढला तर पाय भार घेत नाही, आणि लावला तर पाय वाकत नाही. नाताळच्या सुमाराला तिने प्रयत्न केला आणि पडली. फार उंचावरून नाही. कोपर सोललं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत होते. तिने जमिनीवरूनच दोन्ही हात वर केले आणि नंदूला म्हणाली, ओढ मला. नंदू वर बसला होता. सगळी मुलं त्याच्याकडे बघायला लागली. त्याने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. म्हणाला, "विने, वाट बांध. फळी मी धरतो."

ती ओट्यावर येऊन बसली. मला म्हणाली, ही मुलं दुष्ट आहेत. त्या दिवशी ती जेवली नाही, आणि दुसऱ्या दिवशी कोणालाही खिळा मिळाला नाही. त्यानंतर एकदा शाळेतून घरी आल्यावर थोड्या वेळाने बाहेर पाहिलं तर ती केबलचं एक रीळ ढकलत चिंचेकडे नेत होती. रीळ तिच्या कमरेपेक्षा उंच. पलीकडून जयंती ओढत होती आणि दोघी एकमेकींना शिव्या देत होत्या.

मी तिला उचलून वर ठेवू शकले असते. तिला वजन असं नाहीच. सारखं मनात येत होतं. मी खिडकी लावून घेतली आणि तांदूळ निवडत बसले.

कॉस्मसने पाहिलं ते असं. विनी रिळावर उभी, हातात हातोडी, जवळ कोणी नाही. तो ओरडला. त्याच्या ओरडण्याने तिचा तोल गेला आणि तिने चिंचेची फांदी धरली, हे तो सांगणार नाही.

त्याच्याबरोबर बाटलीचा मसाला आणि सुकट पाठवलं आहे. मसाला या वर्षी जरा जास्त तिखट झाला आहे.

एमिलिया

१७ मार्च १९८५

ह्युबर्ट,

तुझं पत्र आलं. पाकिटावर माझं नाव होतं, दोन वर्षांत पहिल्यांदा. फोडताना बरं वाटलं. मग वाचलं.

तू मे महिन्यात येतो आहेस. विनीला जूनपासून पाचगणीच्या बोर्डिंगमध्ये घालायचं तू ठरवलं आहेस. तिथे नर्स आहे, सगळं तळमजल्यावर आहे, मुलींना एकटं सोडत नाहीत. तोपर्यंत खळ्याचं फाटक बंद ठेवायचं. आणि सहीच्या आधी मला लिहिलं आहेस, 'ती तुझी मुलगी नाही.'

नाही. सेलिनची आणि तुझी आहे. सेलिन गेली, त्यानंतर तीन महिन्यांत तू विनीला माझ्याकडे दिलंस आणि निघालास. मी तेव्हा म्हटलं होतं, तू नोकरीसाठी जात नाहीस, पोरीचा पाय बघवत नाही म्हणून जातोस. ते मी मागे घेतलेलं नाही. पण आता त्यावर भांडायला वेळ नाही.

फाटक मी एक दिवस बंद ठेवलं. तुझा शब्द म्हणून. मुलं बाहेर येऊन उभी राहिली, कोणी दंगा केला नाही. विनी आतून फाटकापाशी गेली आणि गजांना धरून उभी राहिली. मग मुलं रस्त्यावर गेली. संध्याकाळी वनमाला आली. धाकूला दंडाला धरून आणलं होतं. म्हणाली, "टीचर, ह्याच्या अंगावरनं आत्ता टेम्पो जायचा राहिला. तुम्ही शिकलेली माणसं, तुमचं काय ते ठरवा. पण ठरवा लवकर." मी फाटक उघडलं.

पाचगणी वाईट नसेल. तिथे ती पडणार नाही, हे खरं आहे. तू लिहितोस, दुसऱ्या पायाला काही झालं तर काय करशील. मला माहीत नाही. तुझ्याइतकीच मलाही भीती वाटते. तू तिथे बसून कल्पना करतोस, मला इथे खोकं हललेलं ऐकू येतं.

पण एक बघ. हिला सगळे उचलतात. बसमध्ये कंडक्टर उचलतो. देवळाच्या पायऱ्यांवर कोणाची तरी मावशी येते आणि न विचारता उचलते. आणि ती हात वर करते, तान्ह्या मुलासारखे. नऊ वर्षांच्या मुलीने असे हात वर केलेले तू पाहिले आहेस का? मी रोज पाहायची आणि मला त्यात काही वाटायचं नाही. नंदूने हात मांडीखाली घातले त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. त्या मुलांना तू निर्दय म्हणतोस. मीही त्या दिवशी म्हटलं होतं, मनात.

विनीला मी पाचगणीचं सांगितलं आहे. ती ऐकून घेत होती. शेवटी विचारलं, तिथे फळ्या मिळतात का.

तू तिचा बाप आहेस. नेलंस तर मी कपडे इस्त्री करून देईन, अडवणार नाही. फक्त एक मागते. नेण्याआधी एक दुपार खळ्यावर बस. मुलं असतील तेव्हा. कोणाला काही सांगू नकोस. नुसता बस.

एमिलिया

२६ मे १९८५

ह्युबर्ट,

सहार विमानतळावर तू मला लहानपणी मारायचास तशी हाक मारून विचारलंस, "बाय, मी एवढं काय केलं?" टॅक्सीवाला घाई करत होता, कॉस्मसची बायको कान देऊन उभी होती. मी म्हटलं, पत्रात लिहीन. तेव्हा लिहिते. तू तिथे होतास, पण तुला तुझं तोंड दिसत नव्हतं. मला खिडकीतून दिसत होतं.

पहिले काही दिवस तू खळ्याकडे फिरकला नाहीस. विनीला घेऊन बाजारात गेलास. गणवेशाचं कापड आणलंस, लोकरीचा स्वेटर आणलास, ट्रंक आणलीस. पेंटरकडून ट्रंकेवर 'विनी डिमेलो' लिहून घेतलंस. ती ट्रंक पुढच्या खोलीत ठेवली होती आणि विनी तिला वळसा घालून जायची. भाड्याने राहायला आलेल्या माणसाला वळसा घालावा तशी. तू म्हणायचास, बघ किती छान अक्षर आहे. ती म्हणायची, हो.

मग एका दुपारी तू माझं मागणं मानलंस. पांढरा शर्ट घालून खळ्यावर गेलास. मुलांनी ठोकाठोकी थांबवली. नंदूने तुला बसायला खोकं आणून दिलं आणि हाताने पुसलं. तू कुवेतहून आणलेल्या गोळ्या वाटल्यास. धाकूने दोन घेतल्या आणि मग त्यांना तुझी सवय झाली.

विनीची वाट तोवर बरीच वर गेली होती. खाली एक मोठं रीळ, त्यावर एक लहान, मग दगड भरलेली खोकी, हलू नयेत म्हणून. डाव्या अंगाला चिंचेच्या खोडाला बांधलेला पाइप. ती पाइप धरून चांगला पाय वर टाकायची, मग वाकून कॅलिपर हाताने उचलून त्या पायाशेजारी ठेवायची. सामान ठेवावं तसा. प्रत्येक वेळी. शेवटी एक जागा होती जिथे पाइप सोडून माळ्याची कड धरायला लागायची. मध्ये काही क्षण हातात काहीच नाही. तिथे ती पोचायची, उभी राहायची आणि परत यायची. दोन आठवडे तेच चाललं होतं. तुला हे कोणी सांगितलं नाही. मीही नाही.

त्या दिवशी ती तिथे नेहमीपेक्षा जास्त वेळ उभी राहिली. तू बघत होतास म्हणून असेल. पाइपवरचा हात सोडला आणि परत धरला. तू उठलास. मी हाक मारायला तोंड उघडलं आणि मारली नाही. तू तिला काखांत धरलंस आणि वर ठेवलंस. किती सहज. कोणीही ठेवलं असतं.

खळं थांबलं. जयंती म्हणाली, "हे धरायचं नाही." नंदू तिला म्हणाला, "गप ए, तिचे पप्पा आहेत ते." जयंती म्हणाली, "मग? पप्पांना नियम नाही काय?"

तू हसत होतास. तू विनीला म्हणालास, बघ, इथून देऊळ दिसतं. तिने पाहिलं नाही. इतके महिने जिथे जायचं होतं तिथे बसून ती स्वतःच्या मांडीकडे बघत होती.

मग म्हणाली, "पप्पा, मला खाली ठेव."

"अगं, बस ना जरा."

"जिथून उचललंस तिथे ठेव."

तू ठेवलंस. आणि खाली दोन्ही हात पसरून उभा राहिलास. ती म्हणाली, "हात काढ." तू ऐकू न आल्यासारखं केलंस. ती परत म्हणाली, तेवढ्याच आवाजात. तू हात काढलेस.

ह्युबर्ट, ते हात कुठे ठेवावेत हे तुला कळेना. आधी पाठीमागे नेलेस. मग खिशात घातलेस. मग एका हाताने दुसरा हात मनगटाशी घट्ट धरलास, पळून जाणार असल्यासारखा. मी तुला तू रांगत होतास तेव्हापासून बघते आहे. तुझं असं तोंड मी सेलिनच्या मातीलाही पाहिलं नव्हतं.

ती वर गेली नाही. थोडा वेळ थांबली आणि आली तशी उतरली. तुझ्या समोरून, एकेक पाऊल, दरवेळी वाकून कॅलिपर खाली ठेवत. मध्ये एकदा खोकं कुरकुरलं. तू हललास आणि थांबलास.

तू विचारलंस काय केलं. उचललंस म्हणून ती तुझ्याशी दोन दिवस बोलली नाही. आणि तू हात काढून उभा राहिलास म्हणून तिसऱ्या दिवशी तिने तुला शेजारी बसू दिलं. तुला पहिलंच लक्षात राहिलं आहे. तिला दोन्ही आहे.

तिसऱ्या दिवशी तू ओट्यावर बसून खिळे सरळ करत होतास. तिने तुझा एक खिळा उचलला, एक डोळा मिटून पाहिला आणि तुला परत दिला. "अजून वाकडा आहे." तू तो परत ठोकलास. तिने परत पाहिला आणि डब्यात टाकला. तोच तुमचा समेट. मी आत जाऊन चहा ठेवला.

जायच्या आदल्या सकाळी तू ट्रंक उचलून खळ्यावर नेलीस. रिकामी, नाव लिहिलेली. नंदूला विचारलंस, याचा काही उपयोग होईल का. मला काही सांगितलं नव्हतंस. विनीलाही नाही. नंदूने झाकण उघडलं, बोटाने वाजवून पाहिलं. म्हणाला, "पत्रा जाड आहे, अंकल. चालेल."

विनी डबा हातात धरून उभी होती. तिने विचारलं, "मग पाचगणीला काय कळवायचं?"

तू म्हणालास, "कळवू. इथे काम बाकी आहे म्हणून."

माझ्या हातात सांडशी होती. भाताचं पातेलं उतरवायचं राहिलं आणि करपलं. तुम्ही दोघं तोच भात जेवलात.

मी तेव्हा म्हटलं होतं की तुला पाय बघवत नाही. आता तसं म्हणणार नाही. तू पाय फार बघत होतास. त्यात बाकीची मुलगी बघायची राहून जात होती.

बाय

१८ ऑगस्ट १९८५

ह्युबर्ट,

दोन्ही पत्रं मिळाली. तिचं तिने उघडलं, माझं मी.

इथे खळ्यावर चिखल आहे. नंदूच्या वडिलांनी जुनी ताडपत्री दिली, ती मुलांनी माळ्यावर ताणली आहे. खाली पाणी साचतं, त्यात धाकू दिवसभर बसतो आणि वनमाला दिवसभर त्याला हाका मारते. पावसाने रिळांचं लाकूड फुगलं. नंदू आणि जयंतीने सगळी वाट एकेक खोकं हलवून तपासली, दोन बदलली. नंदू आता सातवीत आहे. मला विचारत होता, सुतारकामाचं शिक्षण कुठे मिळतं. मी चौकशी करते आहे.

विनी उंच झाली. कॅलिपर आखूड पडायला लागला, म्हणून हाजीअलीला नवा करायला दिला आहे. डॉक्टरांनी तिचे दंड दाबून पाहिले आणि मला विचारलं, ही पोहायला जाते का? मी नाही म्हटलं. विनी म्हणाली, "मी खिळे ठोकते." डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं. काय लिहावं असा त्यांना प्रश्न पडला असणार.

शाळेत ठीक आहे. मराठीत थोडी सुधारणा आहे. देवळाच्या पायऱ्यांवर आता ती हात वर करत नाही. कोणाची तरी मावशी उचलायला आली तर म्हणते, थांबा, मला वेळ लागतो. आणि खरंच वेळ लागतो. मागे माणसं खोळंबतात. मी खोळंबू देते.

एक गोष्ट तुला कळवायची नाही असं तिने मला बजावलं आहे. शपथ घालत होती, मी म्हटलं शपथ नको, शब्द देते. तिचं म्हणणं, पप्पा येईल तेव्हा त्याचा तो बघेल, तू लिहिलंस तर सगळी मजा गेली. जयंती आणि नंदूनेही मला दोनदा येऊन विचारलं, टीचर, तुम्ही लिहिलं नाहीत ना? तेव्हा मी लिहीत नाही.

काल संध्याकाळी जेवायला हाक मारली. "आले," म्हणाली. मी ओट्यावर पाहिलं, चिंचेखाली पाहिलं, फाटकापर्यंत जाऊन आले. कुठे दिसेना.

नाताळची रजा आत्ताच मागून ठेव.

बाय